संगणकाला जोडलेला कॉल रेकॉर्डर : जोडणी आणि सेटिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लँडलाइनवरचे संभाषण थेट संगणकात साठवणारी यूएसबीची पेटी दहा मिनिटांत जोडून होते आणि काम संपले असे समजून सगळे उठतात. सहा महिन्यांनी एखाद्या ग्राहकाशी वाद होतो, तो नेमका कॉल शोधायला बसावे तर फाइल सापडत नाही, सापडली तर अर्धीच असते, किंवा पूर्ण असूनही समोरच्याचा आवाज कळत नाही. शेअर दलालांची कार्यालये, पतसंस्था आणि दवाखान्यांचे स्वागतकक्ष येथे ही यंत्रे बसवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. एक, दोन किंवा चार अ‍ॅनालॉग, म्हणजे साध्या टेलिफोनच्या लाइन घेणारी आणि विंडोजच्या संगणकाला जोडली जाणारी पेटी येथे गृहीत धरली आहे. कंपनीगणिक सॉफ्टवेअरमधील पर्यायांची नावे बदलतात, पण त्यामागचे काम तेच असते.

ही पेटी टेलिफोनच्या तारेवर नेमके काय करते?

ती लाइनला समांतर जोडलेली असते आणि दोन गोष्टींवर लक्ष ठेवते : तारेतला आवाज आणि तारेवरचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज. रिसीव्हर जागेवर असताना लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी दाब असतो. रिसीव्हर उचलला की फोनमधून प्रवाह वाहू लागतो आणि हा दाब ६ ते १२ व्होल्टच्या आसपास खाली येतो. ही घसरण दिसताच पेटी सॉफ्टवेअरला ‘कॉल सुरू झाला’ असे कळवते आणि दाब पुन्हा चढला की ‘कॉल संपला’ असे. पेटीचा स्वतःचा रोध खूप जास्त असल्यामुळे तिच्यामुळे लाइनवर भार पडत नाही. ती काढून घेतली किंवा संगणक बंद केला तरी फोन नेहमीसारखा चालू राहतो. फोन बंद पडत असेल तर पेटीला दोष देण्यापूर्वी वायर उलटसुलट खेचली गेली आहे का, ते पाहावे. बहुधा तेच निघते.

पेटी नेमकी कोठे जोडावी?

भिंतीवरच्या रोझेटपासून, म्हणजे टेलिफोनची तार जेथे येते त्या डबीपासून, फोनपर्यंत जाणाऱ्या वायरवर, आरजे-११ च्या, म्हणजे टेलिफोनच्या नेहमीच्या पिनेच्या दुहेरी सॉकेटने. तांब्याच्या तारेवरच ब्रॉडबँड असेल तर फोन आणि इंटरनेट वेगळे करणाऱ्या स्प्लिटरच्या ‘फोन’ लिहिलेल्या बाजूलाच पेटी यायला हवी. मोडेमच्या बाजूला जोडल्यास आवाजात सतत सळसळ येते आणि इंटरनेटही मध्येच तुटते.

फायबर आलेल्या ठिकाणी बाहेरून येणाऱ्या केबलला काहीच जोडता येत नाही, कारण तिच्यातून प्रकाश जातो. तेथे फायबरच्या मोडेममागे, म्हणजे ओएनटीमागे, फोनसाठी जे सॉकेट असते, त्याच्या आणि फोनच्या मध्ये पेटी जोडावी. सिमकार्ड घालून साधा फोन लावता येणाऱ्या पेटीच्या बाबतीतही हेच करावे.

कार्यालयात ईपीएबीएक्स, म्हणजे स्वतःचे छोटे अंतर्गत एक्स्चेंज असेल तर आधी एक निर्णय घ्यावा लागतो. बाहेरून येणाऱ्या लाइनवर पेटी लावली तर बाहेरचे सगळे कॉल नोंदले जातात, पण ते कोणत्या टेबलावर घेतले गेले हे कळत नाही. एक्स्टेन्शनवर लावली तर तेवढ्या एकाच टेबलाचे, मात्र अंतर्गत बोलण्यासह सगळे कॉल येतात. ज्या टेबलावर सौदे घेतले जातात तेवढ्यांच्याच एक्स्टेन्शनवर पेटी लावणे मला योग्य वाटते. हिशेबनीस घरी फोन करून भाजीचे काय ते विचारतो, ते संस्थेच्या दप्तरी जमा होण्याचे कारण नाही. स्क्रीन आणि बटणांच्या रांगा असलेले डिजिटल की-फोन मात्र अ‍ॅनालॉग पेटीला कळत नाहीत. त्यांच्या वायरवर पेटी लावल्यास नुसती खरखर मुद्रित होते.

रेकॉर्डिंग सुरू होण्यासाठी व्होल्टेजची मर्यादा किती ठेवावी?

सगळ्यात जास्त चुका याच एका आकड्यात होतात, म्हणून हे उत्तर जरा लांबले आहे. सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला आकडा आपल्या लाइनला लागू पडेलच असे नाही. पन्नास रुपये जास्त लागले तरी चालतील, पण साधा मल्टिमीटर सोबत असू द्यावा. मीटर डीसीवर ठेवून रोझेटमधील दोन तारांवर आधी रिसीव्हर खाली असताना आणि मग उचललेला असताना दाब मोजावा आणि दोन्ही आकडे पेटीच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवावेत. एक्स्चेंजच्या लाइनवर ४९ आणि ८ असे आकडे आले तर मर्यादा २० ते २४ च्या दरम्यान ठेवावी. फायबरच्या मोडेममधून किंवा ईपीएबीएक्सच्या एक्स्टेन्शनवर मिळणारा दाब ४८ पेक्षा बराच कमी असू शकतो. तो २४ च्या जवळ असेल आणि मर्यादाही २४ च असेल, तर रिसीव्हर खाली असतानाही पेटीला तो उचललेला वाटतो आणि दिवसभराची एकच लांबलचक फाइल तयार होते. अशा वेळी मर्यादा १४-१५ पर्यंत खाली आणावी. नियम एवढाच की मर्यादा आपण मोजलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये असावी, कोणत्याही टोकाला चिकटलेली नसावी.

याला एक खालचे टोकही आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लाइन तुटली की दाब शून्य होतो. शून्य हा आकडा २० पेक्षा कमीच, त्यामुळे पेटीच्या दृष्टीने रिसीव्हर उचललेलाच असतो. एका कार्यालयासमोर गटाराच्या खोदकामात शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास केबल तुटली आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता आम्हाला ६२ तासांच्या शांततेची साडेतीन जीबीची फाइल मिळाली. दोष माझाच होता, कारण ‘लाइन तुटली’ समजण्याची खालची मर्यादा मी रिकामी सोडली होती. तेव्हापासून ती ३ व्होल्टवर ठेवतो आणि एका फाइलची कमाल लांबी दोन तासांची करतो.

रिंग वाजताच सेकंदासेकंदाच्या फाइली तयार होतात. का?

रिंगच्या वेळी लाइनवर सुमारे ७५ व्होल्टचा, २५ हर्ट्झचा एसी दाब येतो. तो वरखाली होताना क्षणभर मर्यादेच्या खाली जातो आणि पेटीला रिसीव्हर उचलल्याचा भास होतो. आपल्याकडची रिंग ०.४ सेकंद वाजते, ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजते आणि मग २ सेकंद गप्प बसते. ट्रिंग-ट्रिंगच्या प्रत्येक जोडीला एकेक फाइल तयार झालेली दिसली की हेच कारण समजावे. दाब मर्यादेखाली सलग किती वेळ राहिल्यावर कॉल सुरू झाला असे मानायचे, ही वेळ ५०० मिलिसेकंद ठेवल्यास हा त्रास थांबतो. पाव मिलिसेकंदाच्या हिशेबात शिरण्याची गरज नाही.

एकाच कॉलचे दोन-तीन तुकडे होतात, हेही त्याच कारणाने का?

नाही, हे उलट टोकाचे दुखणे आहे. कॉल दुसऱ्या टेबलाकडे वळवण्यासाठी आपण ‘फ्लॅश’ दाबतो तेव्हा लाइन सुमारे अर्धा-पाऊण सेकंद सुटते, दाब वर चढतो आणि पेटी कॉल संपला असे समजते. कॉल संपल्याचे मानण्यापूर्वीची वेळ दोन सेकंद करावी. त्यापेक्षा जास्त वाढवू नये, कारण घाईच्या वेळी एक कॉल ठेवून लगेच दुसरा उचलणाऱ्यांचे दोन कॉल मग एकाच फाइलमध्ये जातात.

आवाज आला की सुरू होणारा पर्याय वापरला तर व्होल्टेजची ही कटकट टळेल ना?

टळेल, पण त्या बदल्यात शब्द जातील. आवाज ओळखून सुरू होणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या शब्दाचा आरंभ बहुधा कापला जातो आणि हळू बोलणाऱ्याचे तर वाक्यच गळते. ‘शंभर घ्या’ आणि ‘नको, शंभर घ्या म्हणत होतो पण राहू द्या’ यांतला फरक अशाच गळलेल्या तुकड्यात असतो. लाइनवरचा दाब मिळतच नसेल, म्हणजे डिजिटल फोनच्या रिसीव्हरच्या गुंडाळलेल्या वायरवर जोड घ्यावा लागत असेल, तरच हा पर्याय निवडावा. तेव्हाही आधीचे दोन-तीन सेकंद राखून ठेवण्याची सोय सुरू करावी आणि शांततेनंतर किमान आठ-दहा सेकंद रेकॉर्डिंग चालू राहील असे पाहावे.

आपला आवाज मोठा आणि समोरच्याचा बारीक येतो. काय करावे?

हे अगदी स्वाभाविक आहे. आपला आवाज हातभर अंतरावरून येतो, समोरच्याचा सगळी लाइन ओलांडून. दोघांचे आवाज त्याच दोन तारांवर एकत्र असल्याने त्यांना स्टिरिओच्या दोन बाजूंना वेगळे करता येत नाही. तसा पर्याय दिसला तरी दोन्ही बाजूंना एकच मिश्रण मिळते आणि जागा मात्र दुप्पट जाते. उपाय असा की आवाजाची पातळी समोरच्याच्या बोलण्यावरून ठरवावी. बाहेरगावच्या एखाद्या माणसाला फोन लावून त्याला अंक मोजायला सांगावे आणि त्याचे अंक स्पष्ट ऐकू येईपर्यंत पातळी चढवावी. मग आपण मोठ्याने बोलून आवाज फाटतो का ते पाहावे. फाटत असेल तर थोडे मागे यावे. पातळी आपोआप सांभाळणारा पर्याय उपयोगी आहे, पण शांततेत तो खरखरही वर आणतो.

मागे सतत गुणगुण ऐकू येते.

लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर ती विजेच्या अर्थिंगमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण आहे. पेटी आणि लाइन यांच्या मध्ये ६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेले मॉडेल घ्यावे, किंवा निदान संगणक आणि पेटी यांना अर्थिंग नीट असलेल्या एकाच बोर्डावर आणावे. टेलिफोनची वायर आणि विजेची वायर एकाच पट्टीतून नेली असेल, तर आधी ती वेगळी करावी.

कॉल करणाऱ्याचा नंबर नोंदला जात नाही.

आधी एक्स्चेंजकडून ही सुविधा लाइनवर सुरू आहे का, ते साध्या सीएलआय फोनवर, म्हणजे कॉल करणाऱ्याचा नंबर दाखवणाऱ्या फोनवर पाहावे. ती सुरू असूनही पेटीत नंबर येत नसेल तर नंबर पाठवण्याची पद्धत चुकीची निवडलेली असते. आपल्याकडच्या अनेक एक्स्चेंजांवर नंबर डीटीएमएफ पद्धतीने, म्हणजे बटणे दाबल्यावर येतात त्याच सुरांत, पहिल्या रिंगच्या आधी येतो. परदेशी बनावटीच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात एफएसके ही नंबर पाठवण्याची दुसरी पद्धत निवडलेली असते, ती बदलावी. ‘दोन्ही’ असा पर्याय असेल तर तोच ठेवावा.

कोणत्या स्वरूपात साठवावे आणि जागा किती लागते?

टेलिफोनवरून मुळात ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. म्हणून सेकंदाला ८००० नमुने पुरतात. ४४१०० निवडून गाण्याच्या दर्जाचे रेकॉर्डिंग करण्याचा आग्रह काही ग्राहक धरतात. त्याने फाइल साडेपाचपट होते, आवाज तसूभरही सुधारत नाही. आवाज आहे तसा साठवणारे १६ बिटांचे साधे वेव्ह तासाला ५७.६ एमबी घेते, तो आकुंचित करून साठवणारे ए-लॉ २८.८ एमबी, आणि त्याहून जास्त आकुंचित करणारे जीएसएम ६.१० सुमारे ६ एमबी. चार लाइन, प्रत्येकीवर रोज तीन तास बोलणे आणि महिन्याला २५ कामाचे दिवस धरले तर वर्षाला ३६०० तास होतात. म्हणजे वेव्हमध्ये सुमारे २०७ जीबी, ए-लॉमध्ये १०४, जीएसएममध्ये २१-२२. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ए-लॉ निवडण्यात कंजुषी करण्याचे काहीच कारण नाही. जीएसएममध्ये ‘पंधरा’ आणि ‘पंचवीस’ ऐकू येतात, पण घाईने बोललेला आकडा दोनदा ऐकावा लागतो. एकदा साठवलेली फाइल नंतर एमपी-थ्री करून मूळ पुसून टाकू नये. त्याचे कारण पुढे न्यायालयाच्या प्रश्नात आहे.

सगळे नीट असूनही काही दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबते.

पेटी जागी असते, झोपलेला असतो तो विंडोज. वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्ये संगणकाची ‘स्लीप’ बंद करावी आणि यूएसबीचा वीजपुरवठा काही वेळाने तोडणारा पर्यायही बंद करावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या गुणधर्मांत ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, तीही काढावी. मध्यरात्री अपडेट होऊन संगणक पुन्हा सुरू झाला तर लॉगिनच्या पडद्यावर थांबून राहतो आणि सॉफ्टवेअर उघडतच नाही. म्हणून ते सेवा म्हणून, म्हणजे लॉगिनच्या आधीच सुरू होईल, असे बसवावे. पेटी साउंड कार्डसारखी दिसत असेल तर विंडोजच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी एखाद्या अपडेटनंतर बंद झालेली नाही ना, हेही पाहावे. तेव्हा फाइली तयार होतात, वेळही बरोबर दिसते, आत मात्र काही नसते.

संगणकाचे घड्याळ दोन-चार मिनिटे चुकले तर काय बिघडते?

सौद्याची वेळ ११:०२ आणि आदेशाच्या कॉलची वेळ ११:०५ दिसली, तर आदेश नंतर घेतला असा अर्थ निघतो. तो खोटा ठरवण्यात जो वेळ जाईल त्यापेक्षा घड्याळ इंटरनेटवरून जुळवत ठेवणे सोपे. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) यांचे वेळेचे सर्व्हर त्यासाठी उपलब्ध आहेत. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपत आला असेल तर तोही बदलावा.

समोरच्याला न सांगता रेकॉर्डिंग करता येते का?

संभाषणातल्या एका पक्षाने स्वतःच्या फोनवर ते मुद्रित करणे आणि तिसऱ्याने चोरून तार ऐकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईच्या तत्कालीन कोरोनरच्या खटल्यात, म्हणजे आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मानला. ज्याच्या फोनवरून बोलणे झाले त्याची संमती होती, म्हणून तार कायद्याचा भंग झाला नाही असे न्यायालयाने म्हटले आणि ते ध्वनिमुद्रण पुराव्यात घेतले. तिसऱ्याने तार ऐकण्याविषयी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या १९९६ च्या निकालाने कडक बंधने घातली आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यावर आता वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आला आहे आणि ग्राहकाचा आवाज हा त्याचा वैयक्तिक डेटाच आहे. म्हणून कॉलच्या आरंभी ‘हे संभाषण नोंदवले जात आहे’ असे एक वाक्य ऐकवण्याची सोय असेल तर ती सुरूच ठेवावी, आणि आपल्या कर्मचाऱ्यांकडून तशी लेखी सूचना मिळाल्याची सही घ्यावी. खासगी बोलण्यासाठी त्यांना रेकॉर्डर नसलेली एक लाइन द्यावी. वाद येण्याची शक्यता असेल तर वकिलाला विचारावे, पेटी बसवणाऱ्याला नव्हे.

ही फाइल न्यायालयात चालते का?

चालते, पण नुसती पेनड्राइव्हवर घालून दिली म्हणून नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरणच हजर केलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. तेव्हा ते साक्ष अधिनियमाच्या ६५-ब कलमाखाली होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्यातील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा तिचा जणू ठसा, लिहावे लागते. फाइलमधला एक बिट बदलला तरी हे मूल्य पार बदलते. आता मूळ फाइल एमपी-थ्री का करू नये, हे लक्षात येईल. सॉफ्टवेअरमध्ये रोजच्या फाइलींची एसएचए-२५६ या पद्धतीची हॅश मूल्ये काढण्याचा पर्याय असेल तर तो लावावा. नसेल तर विंडोजमधल्या ‘सर्टयूटिल’ आज्ञेने ती काढता येतात.

रेकॉर्डिंग किती काळ ठेवावे?

व्यवसायावर अवलंबून आहे. शेअर दलालांसाठी सेबीच्या मार्च २०१८ च्या परिपत्रकाने हे ठरवून दिले आहे : आदेश फोनवर घेतला जात असेल तर ध्वनिमुद्रण सक्तीचे, नोंदी किमान तीन वर्षे जपायच्या आणि वाद सुरू झाला असेल तर तो मिटेपर्यंत. वाद झाल्यास आदेश मिळाला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही दलालावरच येते. म्हणून ‘डिस्क भरली की जुन्या फाइली आपोआप पुसाव्यात’ हा पर्याय अशा कार्यालयात बंदच हवा. दवाखान्याच्या भेटीच्या वेळा घेणाऱ्या फोनला मात्र तीन वर्षे कशाला? तेथे एक-दोन महिन्यांनी फाइली पुसल्या जाणे सगळ्यांच्याच हिताचे आहे.

मोबाइलवरचे आणि आयपी फोनवरचे कॉल याच पेटीत घेता येतील का?

मोबाइलवरचे घेता येणार नाहीत. मे २०२२ पासून गूगलने प्ले स्टोअरवरील अ‍ॅपना अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या (मुळात अपंगांच्या सोयीसाठी असलेल्या) मार्गाने कॉल रेकॉर्ड करण्यास मनाई केली असल्याने बाहेरच्या अ‍ॅपवर विसंबण्यातही अर्थ नाही. ग्राहकाला कार्यालयाच्याच नंबरवर फोन करायला सांगावे. आयपी फोनसाठी, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनसाठी, पेटी लागतच नाही. नेटवर्क स्विचच्या एका पोर्टवर फोनच्या वाहतुकीची प्रत पाठवून सॉफ्टवेअर ती मुद्रित करते. मात्र संभाषण कूटबद्ध असेल तर ते एक्स्चेंजच्या सर्व्हरवरच मुद्रित करावे लागते.

विजांच्या दिवसांत काय काळजी घ्यावी?

तांब्याच्या लाइनवर वळवाच्या पावसात वीज पडली तर ती तारेतून पेटीत आणि पेटीतून संगणकाच्या मदरबोर्डापर्यंत जाते. लाइनच्या तोंडाशी विजेचा अचानक आलेला लोट अर्थिंगकडे वळवणारा गॅस ट्यूबचा सर्ज प्रोटेक्टर लावावा आणि त्याची अर्थिंगची तार खरोखर अर्थिंगला जोडावी. ती नुसती लोंबत ठेवलेली मी निम्म्या ठिकाणी पाहिली आहे.

रोज काय तपासावे?

सकाळी कामाला सुरुवात होताच कार्यालयाच्या प्रत्येक लाइनवरून एकेक फोन करावा, तारीख आणि लाइनचा क्रमांक तोंडाने म्हणावा, फोन ठेवावा आणि ती फाइल शोधून, उघडून, दोन्ही बाजूंचे आवाज कानाने ऐकावेत. यादीत फाइल दिसली म्हणजे झाले, असे समजू नये. चार लाइनना पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे कोणाच्या वाट्याची आहेत, त्या माणसाचे नाव पेटीच्या पाठीवर, व्होल्टेजच्या त्या दोन आकड्यांच्या खाली लिहावे, आणि तो रजेवर असेल तेव्हाच्या बदलीच्या माणसाचेही.